आईने नाशिकहून आणलेलं टॉनिक

थॅलेसेमियाचा थकवा म्हणजे आळस नव्हे, हे मी इथे कतारला, दोह्यात भेटेल त्याला सुनावते. पत्रकं लिहिते, शुक्रवारी बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत जाऊन वाटते. माझा स्वतःचा थॅलेसेमिया मधल्या प्रकारचा, ना अगदी सौम्य ना तीव्र. इथे नोकरीला आल्यावर कळला. त्याआधी सगळं लहानपण 'रक्त कमी आहे' एवढ्यावर काढलं आणि लोहाची टॉनिकं ढोसली. एकाही डॉक्टरला पुढची तपासणी सुचू नये, याचा संताप अजून जात नाही. या आजारात लोह आधीच अंगात साठतं; ते बाहेर काढायच्या गोळ्या मी घेते.

यंदा आई नाशिकहून राहायला आली. इतकी वर्षं तिला माझी झोप अशी जवळून दिसली नव्हती. हाडं ठणकतात, सारखी जाग येते, सकाळी उठते ती दमलेलीच.

"तो मोबाइल ठेव बाजूला, मग बघ कशी झोप लागते," ती म्हणायची. "आणि हे खजुराचं दूध पी."

एका शुक्रवारी दुपारी त्या दुधाला गंजासारखी चव लागली. ओट्याखालचं कपाट उघडलं. पिठाच्या डब्यामागे लहानपणच्या त्याच लोहाच्या टॉनिकची बाटली.

"अगं, दोनच चमचे घालते," आई म्हणाली. "तोंड बघ कसं पांढरं पडलंय."

"आई, विष आहे हे मला!"

"जगाला शिकवत फिरतेस. मला एकदा तरी धड बसून सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. फोनवर 'अ‍ॅनिमियातलाच प्रकार' म्हणून उडवून लावलं होतं. आता सांगितलं, पण कसं, तर पत्रकातलं वाक्य तोंडावर फेकलं: आई आणि वडील, दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो.

आई ओट्याला टेकली. "म्हणजे आम्हीच दिलं हे तुला. आणि वर शाळेला उठत नाहीस म्हणून मारलंही."

पत्रकात त्याच्या पुढचं वाक्य आहे, यात कुणाचीच चूक नाही. मीच लिहिलंय. तेवढं म्हणायला माझं तोंड उघडेना.

बाटली तिने सिंकमध्ये ओतली. मग मला आडवं केलं आणि पायथ्याशी बसून पाय चेपू लागली. तिच्या दाबाने हाडं जास्तच ठणकत होती. मी डोळे मिटून घेतले.

"लागली बाई झोप एकदाची," ती पुटपुटली. मी हललेसुद्धा नाही.