मुहूर्त न बघता बरी झाले

माणसाने बरं होताना घरच्यांची सोय बघावी. मी बघितली नाही. आई गेल्यावर माझी झोप उडाली, डोकं फिरलं आणि वर्गात हिंदी शिकवता शिकवता मी भिंतीशी भांडायला लागले. तेव्हा दादाने मला इथल्याच, चेन्नईतल्या एका मनोरुग्णालयात ठेवलं. गोळ्यांनी आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या चिकाटीने मी काही महिन्यांत चक्क माणसांत आले. आणि नेमकी तेव्हाच पुतण्याची सोयरीक जमत होती. आता बोला!

दादा दर रविवारी अण्णा नगरच्या आमच्या घरून सफरचंदं घेऊन यायचा. वहिनी यायची नाही. तिथल्या वासाने तिला मळमळायचं म्हणे. डॉक्टर घरी जा म्हणतात, असं मी सांगितलं की दादा सफरचंद सोलायला घ्यायचा.

"येशील गं. एवढं लग्न होऊन जाऊ दे. मुलीकडची माणसं जुन्या वळणाची आहेत. आम्ही त्यांना सांगितलंय, तू पुण्याला असतेस."

पुणं बरं सापडलं! बहिणीला ठेवायला एवढी स्वस्त आणि मस्त जागा दुसरी नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच मला नवा कायदा समजावून दिला. पूर्वी घरच्यांनी आणून टाकलं की माणूस पडून राहायचा. आता ज्याला आपलं बरंवाईट कळतं त्याला मर्जीविरुद्ध ठेवता येत नाही, तो स्वतःच्या सहीने घरी जाऊ शकतो. केवढा उदार कायदा! मी लगेच पिशवी भरली. वॉर्डातल्या सिस्टरने तोंडभर अभिनंदन केलं आणि विचारलं, "न्यायला कोण आलंय?"

"मीच आलेय, मला न्यायला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, झालं, आता ही परत गोळी देते. कायदा दिल्लीहून निघाला होता, पण वॉर्डापर्यंत पोचायचा होता. डॉक्टरीणबाई खाली येऊन फाटकाशी उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे मी रिक्षात बसले.

घरी पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत लग्नाच्या याद्या करायला मुलीकडचे बसलेले. माझ्या हातात औषधांची पिशवी, केस विस्कटलेले. पण वहिनीच्या प्रसंगावधानाला तोड नाही हो!

"अगंबाई, वन्सं! कळवलंत तरी नाही! पुण्याहून आत्ताच येताहेत," ती पाहुण्यांना म्हणाली.

मुलीची आई भली बाई. कौतुकाने म्हणाली, "पुण्यात आता छान थंडी पडली असेल ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. जीभ काही झिजली नसती. पण तिकडे रोज सकाळी मला विचारायचे, "तुम्ही आत्ता कुठे आहात?" खरं उत्तर दिलं की शहाणी, चुकलं की गोळी वाढवायची. एवढे महिने खरं सांगायचा सराव करून करून मी बरी झाले होते. तो एका कप कॉफीसाठी मोडायचा?

"पुण्याचं ठाऊक नाही," मी म्हटलं. "मी इथेच होते, मनोरुग्णालयात. आता बरी आहे."

पाहुण्यांनी कॉफी संपवली. मुलीचे वडील उठताना "कळवतो" म्हणाले. लग्नाच्या बाजारात 'कळवतो'चा अर्थ काय, ते कोणाला शिकवावं लागत नाही.

मग काय, आमच्या घरी सुतक. वहिनी स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, दोन महिने कळ काढली असती तर काय बिघडलं असतं?" पुतण्याने खोलीचं दार लावून घेतलं. तिकडे खरं बोलून शहाणी ठरले होते; इथे एका वाक्यात पुन्हा वेडी झाले.

दुसऱ्या दिवशी दादा कुठेतरी गेला आणि दुपारी घामाघूम होऊन परतला. माझ्यासमोर बसला. चेहरा असा, की सरकारने त्याला एकट्यालाच गाठून फसवलंय.

"परस्पर दाखल करून घेत नाहीत आता," तो म्हणाला. "बरी आहे म्हणतात. कायदा बदललाय म्हणे."

म्हणजे हा मला परत ठेवायला गेला होता! आणि ज्या कायद्याला मी नावं ठेवत होते, तो फाटकात आडवा पडून राहिला होता. वॉर्डापर्यंत पोचला म्हणायचा.

"पण तू स्वतः अर्ज केलास ना," दादाने एक कागद पुढे सरकवला, "त्रास होतोय असं लिहिलंस, तर बघू म्हणाले. लग्न होईपर्यंतच गं. मी मुलीकडच्यांना सांगतो, ही अजून बरी नाही, काहीतरी बरळली. बघ, तुझ्या हातात आहे सगळं."

जिभेवर चार झणझणीत वाक्यं तयार होती. ती तशीच गिळली.

"दादा, मी बरी झालेय रे," मी म्हटलं. "एकदा तरी म्हण, बरं झालं आलीस."

दादाने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं.