वरची खोली आणि हिरवे चेहरे

आमच्या युनिटमध्ये रिकामी खोकी साठतात तसेच किस्सेही साठतात. आज टाकू, उद्या टाकू म्हणता म्हणता एक दिवस दारापर्यंत जायला वाट उरत नाही. परवा कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला, "काय गो, नोकरी कशी चाललीय?" मी म्हटलं, "मजेत." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हेच तर मी रोज सकाळी फळ्यावर लावते. म्हणून आता सांगूनच टाकते. हसायला येईल तिथे हसून घ्या. नक्की कुठे हसायचं असतं, ते मला हल्ली कळेनासं झालंय.

आटगावजवळ हायवेला लागून आमचं युनिट आहे. डबे-बाटल्या येतात, बायका त्या पुसतात, झाकणं लावतात, खोक्यात भरतात. बायका डोंगराकडच्या पाड्यांवरून येतात, मी शहापूरहून. मी तिथे एचआर असिस्टंट आहे. असिस्टंट कुणाची, ते विचारू नका. एचआरमध्ये मी एकटीच.

बाळंतपणाची रजा संपवून जूनमध्ये परत आले, तेव्हा लेक मनू सात महिन्यांची होती. तिला सासूबाई बघायच्या. पण दिवाळीनंतर नणंदेचं दुसरं बाळंतपण, आणि थोरल्याच्या शाळेमुळे तिला माहेरी येता येईना, म्हणून सासूबाईच मुरबाडला जाणार होत्या. नवऱ्याचं काम कसाऱ्याला, पाळ्या बदलत्या. म्हणजे दिवाळीपर्यंत मनूची सोय झाली नाही तर माझी नोकरी संपली. तेव्हापासून मी हेड ऑफिसला पाळणाघरासाठी मेल लिहीत होते. त्यात 'कर्मचाऱ्यांच्या हितासाठी' असं लिहायचे. कर्मचारी म्हणजे कोण, ते मनूला विचारा.

हेड ऑफिसचं उत्तर आलं: युनिटमध्ये निरोगी आणि आनंदी वातावरण तयार करा, मग पुढचं बघू.

मी तयार करायला घेतलं.

* * *

सुरुवात चेहऱ्यांच्या फळ्यापासून झाली. आत येताना प्रत्येकीने आपल्या नावापुढे एक चेहरा लावायचा. हिरवा म्हणजे मजेत, पिवळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे आज बरं नाही. आयडिया हेड ऑफिसची, लोहचुंबक माझे.

पहिल्याच दिवशी सुगंधाने लाल लावला. सुगंधा म्हणजे आमच्या सात बायकांच्या लाइनीतली सगळ्यात जुनी. खोकं हातात घेऊन आत किती डबे आहेत ते सांगणारी. तिच्या धाकट्याला ताप होता. लाल आला की संवाद साधायचा, अशी सूचना होती. मी तिला खुर्चीत बसवलं आणि फॉर्म काढला. 'गेल्या पंधरवड्यात तुम्हाला किती वेळा आनंद वाटला?' असले प्रश्न. पाऊण तास गेला. परत लाइनीवर गेली तर सुपरवायझरने कमी भरलेल्या खोक्यांवरून तिला सगळ्यांसमोर झापलं.

दुसऱ्या दिवसापासून फळा हिरवागार.

पुढच्या आठवड्यात कमळी आली. वीस-बावीसची पोर, तीही लेकुरवाळी. तिने हिरवा चेहरा लावला आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन सुट्टी मागितली. चुलता गेला होता, घरून आत्ताच निरोप आला होता.

"अगं, मग हिरवा कशाला लावलास?"

"लाल लावला असता तर तुमी बसवून ठेवलं असतं. माती दुपारची हाय, मॅडम."

त्या महिन्यात आमचं युनिट आनंदात पहिलं आलं.

* * *

मग पाण्याचा महिना आला. प्रत्येकीला एक बाटली, बाटलीवर रेघा, रेघांवर वेळ. दहाला इथपर्यंत, बाराला इथपर्यंत. मी दर दोन तासांनी लाइनीवरून फिरून आठवण करायची.

आठवडाभर फिरले. बाटल्या जशा भरलेल्या, तशाच संध्याकाळी परत. मला वाटलं, समजावण्यात मीच कमी पडतेय. मला नेहमी तसंच वाटतं. म्हणून मूत्रपिंडाचं मोठं चित्र आणून भिंतीला लावलं आणि छोटंसं भाषण दिलं. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

शेवटी कमळी म्हणाली, "पाणी पिऊ, मॅडम. पन मंग जाऊ कुटं?"

बायकांच्या संडासाची चावी सुपरवायझरच्या खिशात असते. जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि चहाला एकदा मिळते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ऑफिसच्या संडासाची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये असते, म्हणून आठवलं नव्हतं.

मी चावीबद्दल मेल केला. उत्तरात मूत्रपिंडाच्या चित्राचं कौतुक आलं.

* * *

जुलैत हेड ऑफिसने 'काम आणि कुटुंब यांचा समतोल' असा सप्ताह जाहीर केला. घोषवाक्यांची स्पर्धा, रांगोळी, एक ऑनलाइन व्याख्यान. सोमवारी मी फुगे बांधून उभी, आणि लाइनीवर कुणी नाही. मंगळवारीही नाही. आवणी सुरू झाली होती. भाताची रोपं काय सप्ताह संपायची वाट बघत थांबतात? माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, सिद्धगडाच्या बाजूचं. लहानपणी आवणीत मी स्वतः चिखलात उभी राहिलेय. तरी तारीख ठरवताना मी 'चालेल' असं कळवलं होतं. चालेल हा शब्द मला कुणी शिकवला, कोण जाणे.

ऑनलाइन व्याख्यान मी आणि वॉचमन काकांनी ऐकलं. काकांना झोप लागली. व्याख्यान विश्रांतीवरच होतं, म्हणून मी उठवलं नाही.

बारा दिवसांनी सगळ्या एकदम परत आल्या, पायांना चिखल्या झालेल्या. मला प्रत्येकीला गैरहजेरीची नोटीस द्यायची होती. सुगंधाच्या हातात दिली.

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्या सगळ्यांना दिलाय ना?"

"हो."

"मंग बरं. एकीलाच दिला असता तर वाईट वाटलं असतं."

मी विचारलं, निदान पाळीपाळीने तरी नाही का जाता येत? तिने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्यांच्यात सावड असते. आज हिच्या शेतात सगळ्या, उद्या तिच्या शेतात सगळ्या. एक जरी मागे राहिली तरी बाकीच्यांचा वार कोलमडतो.

"कुणाचा वार कधी, हे लिहून ठेवता का?"

"लिवायचं कशाला? ठरलेलं अस्तंय."

ऑफिसात सहकार्यावरचं एक पोस्टर होतं, गोऱ्या हातांवर गोरे हात ठेवलेले. ते मी त्या दिवशी काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं. पोस्टर तपासायला येतात.

* * *

गणपती झाले, नवरात्र आलं. सासूबाईंनी बॅगेत लोकरीच्या टोपड्या भरायला घेतल्या. आणि अचानक मेल आला: पाळणाघर मंजूर!

माल घेणाऱ्या बड्या कंपनीची माणसं पाहणीला येणार होती. वरच्या मजल्यावर एक खोली होती, नापास झाकणांनी भरलेली. ती दोन दिवसांत रिकामी झाली. भिंतीवर ससा आला. खाली रंगीत मॅट, एक लाकडी घोडा, खेळण्यांचं खोकं. मी सगळ्या लेकुरवाळ्यांना सांगत सुटले, उद्या पोरांना घेऊन या. सुगंधाने दोनदा विचारलं, "रोजचंच ना, मॅडम?" मी म्हटलं, रोजचंच.

सकाळी गेटवर पाच पोरं आणि माझी मनू. वॉचमन काकांनी अडवलं. फ्लोअरवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या पायात सेफ्टी शूज पाहिजेत, असा नियम. खोलीचा जिना फ्लोअरवरूनच जातो.

"काका, ही अकरा महिन्यांची आहे."

"ताई, नियमात वय लिवलेलं नाय."

मी हेड ऑफिसला फोन लावला. त्यांनी विचारलं, सगळ्यात लहान साइज कोणता आहे? पाच, मी म्हटलं. मग त्यांनी थांबायला सांगितलं, आणि बराच वेळ फोनवर बासरी वाजत राहिली. इकडे पाहुण्यांची गाडी हायवेवरून वळताना दिसली. काकांनीच मार्ग काढला. नियम पाय ठेवणाऱ्यांसाठी आहे, तर पाय ठेवूच नका! मग आम्ही सगळी पोरं कडेवर घेऊन आत नेली. सुगंधाचा थोरला चार वर्षांचा, लाजेने लालबुंद झाला होता. त्याचे पाय जमिनीला लागू नयेत म्हणून काका मागून हात लावून चालत होते.

पाहुण्यांना खोली फार आवडली. फोटो निघाले. मनूने घोड्याला धरलं, मग घोडा सोडला आणि तशीच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्या आधाराशिवाय. मी रडायलाच लागले. पाहुण्यांनी तोही फोटो काढला.

चारला गाडी गेली. सव्वाचारला टेम्पो आला. सामान दुसऱ्या युनिटला न्यायचं होतं, तिथे परवा पाहणी होती. मॅट गुंडाळायला माणूस आला तेव्हा मनू अजून तिच्यावरच होती. त्याने तिला अलगद उचलून बाजूला ठेवलं. चांगला माणूस होता बिचारा.

खोक्याला टेप मी लावली. सुगंधा दारात उभी होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता त्या खोलीत परत नापास झाकणं आहेत. दारावर उत्तम कार्यसंस्कृतीचं प्रमाणपत्र आहे. खिळा ठोकायला मीच गेले होते.

* * *

दिवाळी संपली. सासूबाई मुरबाडच्या गाडीत बसल्या. मी राजीनामा लिहिला, त्यातही 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे' असं आलं. तो पर्समध्ये आणि मनूला कडेवर घेऊन गेटपाशी आले. देऊन परत फिरायचं, एवढंच ठरवलं होतं.

गेटबाहेर सायकलींसाठी पत्र्याची शेड आहे. सायकली कुणाच्याच नाहीत. तिथे पाइपला साडीची झोळी बांधलेली, खाली ताडपत्री, ताडपत्रीवर पाचही पोरं, आणि कमळी त्यांना गूळभात भरवत होती. मी विचारलं, तू आत का नाहीस? ती म्हणाली, आज तिचा वार. आतल्या सहा जणी तिच्या वाटची खोकी भरतात. खोकी पुरी असली की सुपरवायझर डोकी मोजत नाही.

मग तिने हात पुढे केले. मनू गेली. मी आत जाऊन हिरवा चेहरा लावला. राजीनामा पर्समध्येच राहिला.

असे आठ दिवस गेले. जूनपासून पहिल्यांदाच मला दुपारी जेवण गेलं. आत काम करताना कान गेटकडे असायचे. मनूचं रडणं ऐकू आलं की भीती वाटायची, नाही आलं की त्याहून जास्त.

नवव्या दिवशी मेल आला. गेटबाहेरच्या कॅमेऱ्यात शेडमध्ये रोज एक कामगार कामाच्या वेळेत बसलेली दिसते. कोणत्या दिवशी कोण, त्यांची नावं संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा, पुढची कारवाई हेड ऑफिस करेल. खाली वेगळ्या ओळीत: आपलं युनिट या महिन्यातही पहिल्या क्रमांकासाठी पात्र आहे.

मी उत्तर टाइप केलं, 'माहिती घेऊन कळवते.' वही घेतली आणि बाहेर गेले. कशाला गेले, ते मला अजूनही सांगता येत नाही. त्यांना सावध करायला गेले असेन. वही का घेतली असेल मग?

त्या दिवशी सुगंधा बसली होती. मनू तिच्या मांडीवर, तिच्या मंगळसूत्राचे मणी ओढत. सुगंधाने माझ्या हातातली वही पाहिली आणि तिचा चेहरा खुलला.

"बरं झालं, मॅडम, तुमीच लिवून ठेवा. शनवारी कमळी नि पारूचा घोटाळा झाला, दोगी बी इथंच बसल्या. आत खोकी कमी पडली."

मी काही बोलायच्या आत ती बोटांवर मोजत सांगू लागली.

"सोमवार कमळीचा. मंगळवार माजा. बुधवार पारू. बेस्तरवार जनी..."

मी लिहीत गेले. वळणदार, दिवसापुढे नाव, नावापुढे आडनाव. तिने आडनावंही सांगितली. मधेच मनूच्या तोंडातला मणी काढला, पदराने तिची लाळ पुसली आणि पुढे सांगितलं, "शुक्रवार बायजा."

पाच वाजायला वीस मिनिटं होती. शनिवारपुढची ओळ तेवढी रिकामी होती. सुगंधाने मान वाकवून वहीत पाहिलं, तिथे बोट ठेवलं.

"मॅडम, तुमचा वार कोन्ता?"