पोकळ फासा

गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. तीस वर्षं कवळ्या बनवल्या, म्हणून सगळे तिला कवळीताईच म्हणत. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, हिचं मात्र दातांवरच भरलं. शेजारच्या टेबलावर धाकटी बहीण त्याच कवळ्या घासून चकचकीत करायची. मग आजाराने धाकटी अंथरुणाला खिळली आणि ते टेबल रिकामं झालं.

धाकटीला भुयारं आणि राक्षसांचं भलतंच वेड. पन्नाशी उलटली तरी ते गेलं नव्हतं. कवळीताईने तिच्यासाठी जेवणाच्या ट्रेवर मावेल असं प्लास्टरचं भुयार केलं. सहा खोल्या, दाढेएवढा वीर, गुलाबी मेणाचे राक्षस. वीराला जीव तीन, म्हणजे तीन मणी. प्रत्येक खोलीत फासा टाकायचा. तीन किंवा कमी पडले की राक्षस चावतो, एक मणी जातो. सहाव्या खोलीत खजिना.

फासा तेवढा करायचा राहिला होता. त्याच सुमारास डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बोलावून सांगितलं, धाकटीकडे महिना, फार तर दोन. घरी येऊन ती धाकटीला म्हणाली, "औषध लागू पडतंय गं." आणि फासा ओतायला बसली.

प्लास्टर ओतलं की साचा टेबलावर ठोकायचा असतो, म्हणजे आतले बुडबुडे निघतात. त्या दिवशी तिने साचा ठोकला नाही. उलट सहाच्या अंगाला मुद्दाम पोकळी ठेवली. हलकी बाजू वर येते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

धाकटी चार दिवस लागोपाठ जिंकली. पाचव्या दिवशी तिने फासा उचलला, स्टीलच्या पेल्यावर हळूच वाजवला आणि कान लावला.

"पोकळ आहे."

"राहिला असेल एखादा बुडबुडा."

"तुझ्या हातून? तीस वर्षांत एक तरी कवळी परत आली का, ताई?" धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "डॉक्टर काय म्हणाले ते सांग."

आपलेच दात, आपलेच ओठ. कवळीताईने सांगितलं. सांगताना ती रडली, धाकटी रडली नाही.

"आता दुसरा फासा कर. चांगला ठोकून."

तिने केला. इतका ठोकला की टेबलावरच्या बाटल्या नाचल्या. दोन दिवसांनी, फासा वाळल्यावर, दोघी खेळायला बसल्या. दुसऱ्या खोलीत एक मणी गेला, तिसरीत दुसरा. चौथीत धाकटीने फासा टाकला. तो घरंगळत भिंतीला लागला आणि थांबला. दोन.

कवळीताईचा हात आपसूक पुढे गेला. बोटाचा एक धक्का पुरला असता.

"हात काढ, ताई," धाकटी म्हणाली.

तिने हात काढला. मग शेवटचा मणी उचलला आणि वीराला आडवं केलं.