साहेबांच्या गावचा खंदक

आखातातल्या अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात माझे एक सहकारी शेजारच्या टेबलावर घरांचे नकाशे काढायचे. मूळचे गुहागरकडचे. इंग्लंडला कधी गेलेले नव्हते, पण जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात, दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरवर उपग्रहाने टिपलेली इंग्लंडची शेतं धुंडाळायचे. मधेच चौकोनी खंदक दिसला की मला हाक, "अहो, हे बघा! घर सापडलं!" मध्ययुगात तिथले खाऊनपिऊन सुखी शेतकरी घराभोवती पाण्याचा खंदक खणत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. घरं गेली, खंदक राहिले.

एकदा त्यांनी आमच्या इंग्रज साहेबांना त्यांच्याच गावातला खंदक दाखवला.

"मी तिथं जन्मलोय," साहेब म्हणाले. "ते गुरांचं डबकं आहे."

सगळं ऑफिस हसलं. यांचे कान लाल झाले. "सुट्टीवर जाल तेव्हा बघून या," एवढंच बोलले. पुढे महिनाभर त्यांनी मला एकही घर दाखवलं नाही.

साहेब सुट्टीवर गेले आणि एका दुपारी त्यांचा फोन आला. यांनी स्पीकर लावला. साहेब त्याच शेतात उभे होते.

"चारी बाजूंनी चर आहे खरा. पण आत जायचं कुठून?"

"पूर्वेला मातीचा बांध असेल, साहेब. तिथून."

थोडा वेळ नुसता चिखल तुडवल्याचा आवाज आला.

"मिळाला! तुम्ही इथं कधी आला होतात?"

"अजून तरी नाही," ते म्हणाले, आणि खुर्चीत सावरून बसत, यजमानाच्या थाटात, "या ना, आत या."