दादांचे दहा सिनेमे

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या पेपरात दादांनी निवडलेले वर्षातले दहा उत्तम सिनेमे छापून येत, आणि लोक ती यादी कापून ठेवत. दादा म्हणजे आमचे चित्रपट परीक्षक. माणूस तिरसट, पण यादीच्या बाबतीत धुतल्या तांदळासारखा. सख्ख्या मेव्हण्याने काढलेल्या सिनेमाला त्यांनी ‘तीन तासांची साधी कैद’ म्हटलं होतं. मेव्हणा पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. पण मला सांगायचंय ते दादांच्या बायकोबद्दल, आमच्या वहिनींबद्दल, कारण शेवटच्या चार याद्या खरं तर त्यांच्या होत्या.

मधुमेहाने दादांची नजर गेली. आधी डावा डोळा, मग उजवा. ऑफिसात हे फक्त मला ठाऊक होतं, कारण त्यांचं पान मी लावायचो. संपादकांना कळलं असतं तर सदर त्याच दिवशी बंद झालं असतं, आणि त्या सदराशिवाय दादांना जगात दुसरं काही नव्हतं. म्हणून मी तोंड शिवून बसलो. यात माझा मोठेपणा वगैरे काही नाही. त्यांच्यासारखं लिहिणारा दुसरा कुणी मला मिळणार नव्हता.

वहिनी पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. हळू पण स्वच्छ बोलायची सवय हाडीमासी खिळलेली. थिएटरात दोघं शेवटच्या रांगेत भिंतीकडे बसायचे, आणि वहिनी त्यांच्या कानाशी सांगत राहायच्या. ‘बाई खिडकीशी. पाठमोरी. हातात पत्र आहे, वाचत नाहीये.’ एक शब्द जास्त नाही की कमी नाही. एकदा मी त्यांच्याच पुढच्या रांगेत बसून, डोळे मिटून नुसतं ऐकलं. खरं सांगतो, पडद्यापेक्षा वहिनी बऱ्या होत्या. घरी आल्यावर दादा बोलायचे आणि वहिनी लिहून घ्यायच्या, गोल, शाळकरी अक्षरात.

लग्नानंतर चौदा वर्षांनी त्यांना एक मुलगी झाली होती. सातव्या वर्षी तापाने गेली. त्याला अकरा वर्षं झाली. त्या घरात तिचा विषय कुणी काढत नसे, भिंतीवर फोटोही नव्हता. मीही कधी विचारलं नाही. नको त्या ठिकाणी तोंड घालणारा मी, पण तिथे माझीही जीभ रेटली नाही.

यंदाची यादी माझ्या हातात आली ती शुक्रवारी. पहिल्या नंबरावर एका बापाचा सिनेमा होता. बर्फाने रस्ते बंद झालेत, मुलगी तापाने फणफणलीय, आणि बाप तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्याकडे चालत निघतो. एरवी दादा परीक्षणात शेवट कधी फोडत नसत. यंदा मात्र राहवलं नसावं. त्यांनी लिहिलं होतं, ‘मुलगी डोळे उघडते, डॉक्टर हसतो, आणि बाप पहिल्यांदाच खाली बसतो. इतका साधा सुखाचा शेवट दाखवायला छाती लागते.’

मी तो सिनेमा पाहिला होता. मुलगी मरते. दवाखान्याच्या दारात बापाला कळतं की आपण कधीपासून मेलेलं पोर वाहतोय. शेवटची पाच मिनिटं कुणी चकार शब्द काढत नाही. दादांचं लिहिलेलं छापलं असतं तर सगळं बिंग फुटलं असतं, आणि गावभर हसं झालं असतं ते वेगळंच. तडक त्यांच्या घरी गेलो.

दादा बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. मी हळूच म्हटलं, “वहिनी, शेवट चुकलाय.”

“चुकला नाही. मी बदलला.”

“अहो, पण का?”

“ते माझा हात धरून बसले होते. सारखे विचारत होते, काय झालं, काय झालं. त्यांच्या कानाशी तोंड नेलं, पण ‘मेली’ हा शब्द काही केल्या निघेना. म्हटलं, डोळे उघडले तिने.”

“तेवढी ओळ काढून टाकतो,” मी म्हटलं. “कुणाला कळणार नाही.”

“काढा,” वहिनी म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, रेडिओ बंद झालाय. दादा चौकटीला हात लावून दारात उभे होते.

“आणखी किती?” त्यांनी विचारलं.

“काय किती?”

“आणखी किती पोरांना वाचवलंस तू?”

वहिनींना तोंडावर खोटं बोलणं जमत नसे. त्यांनी बोटांवर मोजलं. “सहा. हिला धरून सात.”

दादा चाचपडत स्टुलावर बसले. मग माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाले, “लिहून घे. गेल्या चार वर्षांच्या याद्या रद्द समजाव्यात. परीक्षकाने ते सिनेमे पाहिलेले नव्हते.”

“दादा, सदर जाईल.”

“जाऊ दे. त्याआधीच्या सगळ्या खऱ्या आहेत. एकेक सिनेमा शेवटपर्यंत स्वतः बघून लिहिलाय.”

हे वहिनींच्या जिव्हारी लागलं. चार वर्षं बाईने त्यांच्यासाठी घसा कोरडा केला, आणि तिच्या वाट्याला काय आलं तर रद्द! मलाही दादांचा राग आला. वहिनी बोलू लागल्या, आणि त्या आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

“हो, खऱ्याच. पोरगी गेली त्या वर्षीचीही खरी. त्यात चौथा कुठला होता, आठवतंय? मध्यंतरात येतो म्हणून गेलात. मी थिएटरच्या ऑफिसात तीनदा फोन लावला. तीनदा निरोप आला, येतायत. तुम्ही आलात तेव्हा तिला जाऊन अर्धा तास झाला होता. आणि डिसेंबरात त्या सिनेमाला चौथा नंबर दिलात.”

दादांची मान खाली गेली. ते इतकंच म्हणाले, “चांगला होता गं तो.”

“माहीत आहे मला. पंधरा दिवसांनी एकटी जाऊन पाहिला. म्हटलं, बघू तरी एवढं काय होतं त्यात.” वहिनींनी हातातलं फडकं ओट्यावर टाकलं. “चांगलाच होता. वाईट असता तर मध्यंतरात उठून आला असतात.”