एक माती, दोन डब्या

फिलोमिना गेल्याचं मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळलं. मी नरसाळी धूत होते. शिपाई दारातूनच म्हणाला, "बाई, अंधेरीच्या बाई गेल्या. टायफॉइडने." मी नरसाळी पुसून ओळीने मांडली आणि मगच खाली बसले. रडू आलं, पण त्याच्या आधी मनात आलं, आता सर कुणाचं कौतुक करतील? महिना झाला, तरी ते मनातून जात नाही.

आम्ही दोघी प्राणिशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटर. मी मुलुंडची, पहिल्या वर्गात पास झालेली; ती अंधेरीच्या गावठाणातली, बापाची भातशेती. घाटमाथ्यावरच्या गवताळ रानात सूत्रकृमी किती, हे आमच्या विभागप्रमुख सरांना हवं होतं. सूत्रकृमी म्हणजे मातीतले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे. पंचावन्न सालच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही वर गेलो. मी दर दहा पावलांवर माती घेतली, सगळी एका बादलीत कालवली आणि सरासरी काढायला मोकळी झाले. फिलोमिना मात्र उकिडवी बसून एक चिमूट गवताच्या ठोंबाच्या मुळाशी, दुसरी तिथून वीतभर लांब उघड्यावर, अशी प्रत्येक माती तपकिरीच्या वेगळ्या डबीत भरत होती.

"फिलू, अगं संध्याकाळ होईल."

"होऊ दे ना. सगळीकडे सारखे राहतायत कशाला ते? आमच्या गावठाणात घरं सारख्या अंतरावर आहेत काय?"

तिचंच खरं निघालं. ठोंबाशी गर्दी, वीतभर लांब जवळजवळ कुणी नाही. माझ्या बादलीत नेमकं तेच कालवलं गेलं होतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं." मला ते असं कधीच म्हणाले नव्हते. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

सूक्ष्मदर्शकाशी बसलं की तिच्या डोळ्यांना पाणी यायचं, म्हणून मोजणी माझ्याकडे. डबीवर ती फक्त आकडा घालायची; कुठली डबी कुठली, ती यादी तिच्या पर्समध्ये. "माहीत असलं की मन आकडा ढकलतं गं. माझंसुद्धा." मला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या वर्षीची माती आली तेव्हा एका दुपारी मी सूक्ष्मदर्शकाखालच्या बशीत धड पाहिलंच नाही. मनाला येतील ते आकडे लिहिले... तिची ती गर्दी मोडावी म्हणून. तिने कागद वाचला, घडी घातली. "डोळे दुखतायत तुझे. आज राहू दे." मग आठ दिवस डोळ्यांना रुमाल लावत तिने सगळ्या डब्या स्वतः मोजल्या. मी सुटले, असं मला वाटलं. पुढच्या खेपेला तिने पुन्हा मलाच मोजायला बसवलं. त्यानंतरची दोन वर्षं माझ्यासाठी वेगळ्या डब्यातून वालाची उसळही आणत राहिली.

महिन्याच्या मिस्सेनंतर, चर्चमधल्या त्या प्रार्थनेनंतर, तिची धाकटी बहीण रोझी मला त्यांच्या घरच्या मागच्या खोलीत घेऊन गेली. शेवटच्या खेपेच्या डब्या ओल्या गोणपाटाखाली तशाच होत्या. रोझीने रोज पाणी शिंपडलं होतं.

"ओल जाऊ द्यायची नाही, म्हणालेली. तुम्ही मोजाल ना? यादी माझ्याकडे आहे. आणि एक माती दोन डब्यांत आहे, नेहमी करायची तशी. दोन आकडे जुळले नाहीत की मोजणाऱ्याचं कळतं, म्हणायची."

नेहमी करायची तशी... म्हणजे त्या दुपारी कागदाची घडी घालतानाच तिला सगळं कळलं होतं.

चार दिवस मी मोजलं, एकही किडा न सोडता. मग अंधेरीला जाऊन रोझीला आकडे वाचून दाखवले. सातव्या डबीत एकतीस, बाराव्या डबीत तेहतीस. रोझी यादीवर बोट ठेवून म्हणाली, "सात आणि बारा. ह्याच त्या दोन. जुळले." बाकीच्यांत ठोंबाशी गर्दी, लांब ओसाड. म्हणजे याही खेपेला तिचंच बरोबर, आणि मला त्याचा अजून हेवा वाटतो. ते दोन आकडे मात्र मला तिला दाखवायचे होते.

त्या दोन डब्या मी सरांना दिल्या नाहीत. उरलेल्या मातीसकट त्या माझ्या मुलुंडच्या खिडकीत सावलीला आहेत, आणि त्यांच्यावरचं फडकं मी रोज सकाळी ओलं करते.