टँकरचं आवतण

मी लातूर सोडलं तेव्हा अप्पा दुकानापुढं शिडी धरून उभे होते. शिडीवर पेंटर होता आणि तो आमच्या कापडदुकानाच्या पाटीवरून ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून काढत होता. लातूर नवा जिल्हा झाल्याला फार दिवस झाले नव्हते. गावातल्या प्रत्येक पाटीला नवा रंग लागत होता. पाणी मात्र चौथ्या दिवशी येत होतं, तेही आलं तर. पण अप्पांचा उत्साह काही आटला नव्हता. ते मूळचे निलंग्याच्या पलीकडच्या सोनवाडीचे. पोटासाठी लहानपणी लातूरला आले आणि पुढं त्या गावाचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. कुणी विचारलंच, तर ठसक्यात सांगत, “आम्ही लातूरचे.” आता तर लातूर जिल्हाच झाला होता.

माझ्या एका हातात हार्मोनियमची पेटी होती आणि खांद्याला टेपरेकॉर्डर. अप्पांनी दोन्हीकडं बघितलं.

“शिवलिंगा, निघालास का?”

“हाव.”

“दिवाळीपस्तोर तुझी कॅसेट आली तर ठीक. न्हाई आली तर मुकाट्यानं गादीवर बसायचं. लोकांच्या चालीवर किती दिवस जगतोस?”

अप्पांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. माझा धंदा विडंबनाचा. दुसऱ्यांनी गाजवलेली गाणी घ्यायची आणि त्यांत आपले शब्द भरायचे. गणपतीत, गॅदरिंगला, उरुसात लोक हसून लोळायचे. पण कॅसेट म्हटलं की गोष्ट वेगळी. गंजगोलाईच्या बाजारातले कॅसेटवाले मन्मथशेट तयार होते, पण त्यांची एक अट होती. मूळ गाणाऱ्यांचा होकार हवा आणि तोही त्यांच्याच आवाजात टेप केलेला. मागं एका कॅसेटवरून एक शाहीर त्यांच्या दुकानाच्या पायरीवर दोन दिवस ठिय्या देऊन बसले होते, तेव्हापासून शेट सावध झाले होते. टेपरेकॉर्डर त्यांचाच. तो हातात देताना ते म्हणाले, “होकार आण, नाहीतर मशीन तरी नीट आण.”

कॅसेटच्या एका बाजूला देगलूरच्या करीमसाबांच्या कव्वालीचं विडंबन होतं. दुसऱ्या बाजूला माझं सगळ्यांत लाडकं गाणं, माहूरच्या सटवाजीबुवा गोंधळींच्या आवतणावर केलेलं. आवतण म्हणजे निमंत्रण. गोंधळाच्या सुरुवातीला गोंधळी एकेका गावाच्या देवाला नाव घेऊन चौकात, म्हणजे पाटावरच्या पूजेच्या मांडणीत, बोलावतो. बुवांची चाल आमच्याकडं पोराटोरांच्याही तोंडी होती. मी त्या चालीवर देवांच्या जागी टँकर बोलावले होते. गाणं हमखास टाळ्या घेत होतं. मूळ गाणारा ते ऐकून काय म्हणेल, हे मात्र सांगता येत नव्हतं.

उदगीरमार्गे देगलूरला जाणारी एसटी खच्चून भरली होती. पेटी मी शेजारच्या जागेवर ठेवली, तर कंडक्टर म्हणाला, “पेटी मांडीवर घ्या जी. म्हातारी उभी हाय.” घेतली. रस्त्याला खड्डा आला की पेटीचा भाता दबायचा आणि ती कण्हायची. म्हातारी प्रत्येक वेळी माझ्याकडं काळजीनं बघायची. शेवटी तिनं तिच्या गठुड्यातला ओवा माझ्या हातावर ठेवला. पोट माझं नव्हे, पेटी वाजतेय, हे सांगायचा धीर मला झाला नाही, म्हणून ओवा खाऊन टाकला.

देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच तराजूत मोजतात. भाव एका भाषेत विचारला तर उत्तर दुसऱ्या भाषेत येतं. करीमसाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान लगेच सापडलं. पांढरी दाढी, हाताला ग्रीस. त्यांच्या कव्वालीत एक आशिक रात्रंदिवस प्रेयसीची वाट बघतो. माझ्या गाण्यात तोच आशिक लातूरच्या स्टँडवर देगलूर गाडीची वाट बघतो. मी पेटी उघडली आणि सायकलींच्या मधोमध बसून गायलो. गाणं संपेपर्यंत करीमसाबांनी पाना खाली ठेवला नव्हता.

“मेरा आशिक अब येश्टी के वास्ते रोरा क्या?” त्यांनी विचारलं.

“हाव, उस्ताद.”

“सच बोला. मैं भी उसी गाडी के वास्ते बहोत रोया.” मग मान मागं टाकून ते असे हसले की पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईकही हसायला लागलं. “गाओ बेटा. पन पहले मेरा नाम लेना. बाद में जितना रोना उतना रो.”

हे सगळं टेप झालं, पान्याच्या आवाजासकट. त्यांनी मला घरी नेऊन गोंगुऱ्याचं लोणचं (गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी) आणि ज्वारीची भाकर वाढली. लोणचं इतकं झणझणीत की मी पाण्यासाठी हात पुढं केला आणि मध्येच आखडता घेतला. घरात दोनच घागरी दिसत होत्या. करीमसाबांच्या बेगमनी ते बघितलं आणि तांब्या भरून माझ्यापुढं ठेवला. त्या पाण्याची चव मी विसरलेलो नाही.

नांदेडला गोदावरीच्या पुलावर गाडी हळू झाली, तेव्हा लोक खिडकीतून खाली बघायला लागले. पात्रात नुसती वाळू. वाळूत बायकांनी झिरे (झिरपलेलं पाणी साचावं म्हणून खणलेले खड्डे) केले होते आणि त्यातून वाटीवाटीनं पाणी उपसून त्या घागरी भरत होत्या. माझ्या टँकरच्या गाण्याला लोक का हसतात, हे मला तिथं नीट कळलं. ज्याची रोज वाट बघावी लागते त्याच्यावर हसून घेतलं नाही तर माणूस रडत बसेल.

पुढं भोकरला चहा, किनवटला गाडी बदल आणि मग माहूरचा घाट. डोंगर उघडे पडले होते, सागाची पानं करपून गेली होती. गडावर रेणुकेच्या पायऱ्या मी पेटीसकट चढलो. देवीपुढं काय मागितलं ते सांगत नाही, पण त्यात कॅसेट हा शब्द होता. खाली उतरून बुवांचं घर शोधलं. अंगणात त्यांची सून खलबत्त्यात तांबूल कुटत होती. विड्याची पानं, सुपारी, कात, बडीशेप असं सगळं एकत्र कुटून केलेला हा माहूरचा प्रसाद. त्याचा वास बोळाच्या तोंडापासून येत होता.

“बुवा?” तिनं बत्ता थांबवला. “ते तर उमरीला गेले. लगनाचा गोंधळ हाय.”

मी पेटी खाली ठेवली आणि पेटीवरच बसलो. भोकरला मी जिथं चहा प्यायलो होतो, तिथून उमरीचा रस्ता समोर दिसत होता.

“लांबून आलात?” तिला माझी दया आली असावी. “मंग उद्या पहाटंच्या गाडीनं जा. आन येवढं तांबूल त्यायला न्या. बुवायचा डबा घरीच राहिला. तांबुलाबिगर त्यायचा आवाज उघडत न्हाई.”

तांबुलाची पुडी खिशात घालून दुसऱ्या दिवशी पहाटे मी आलो त्याच वाटेनं मागं फिरलो आणि दुपारी उमरीला पोचलो. मांडव शोधावा लागला नाही. गावात एकाच ठिकाणी गर्दी होती आणि तिच्यापुढं एक टँकर उभा होता. वधूपित्यानं लग्नासाठी खटपट करून मागवलेला. मांडवात बुवा खांबाला टेकून संबळाची वादी आवळत होते. (संबळ म्हणजे गोंधळ्याचं जोडवाद्य, कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायचं.) सुकलेला, उंच माणूस, कपाळभर कुंकू. मी पाया पडून तांबूल दिलं. त्यांनी पुडी उघडून वास घेतला.

“सुनेनं धाडलं. बस. कामून आलास?”

मी सांगितलं. मग गायलो.

“लातूरच्या टँकरा, चौकाला ये,
औशाच्या टँकरा, चौकाला ये,
निलंग्याची घागर रुसून बसली,
तिची समजूत घालाया ये...”

रेणापूर झालं, अहमदपूर झालं, उदगीर झालं. आजूबाजूचे पाहुणे तोंडावर उपरणं धरून हसत होते. बुवांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. गाणं संपलं. ते पुन्हा संबळाची वादी आवळायला लागले आणि मला वाटलं, संपलं, आता गादीवरच बसायचं.

“बुवा, देवाच्या जागी टँकर घातला म्हणून राग आला असंल तर...”

“टँकरचं काय न्हाई रे,” ते म्हणाले. “संध्याकाळी चौक मांडणार, त्यातल्या कलशात पानी कुठलं हाय? ह्या भायेरच्या टँकरचंच. तो तर आदीच चौकात येऊन बसला. राग दुसऱ्याच गोष्टीचा आला.”

“कशाचा?”

“तू आवतण अर्धं दिलं. उमरी कुठं हाय त्यात? भोकर? देगलूर? माझं माहूर?”

“ते नांदेड जिल्ह्यात, बुवा. मी नव्या लातूर जिल्ह्याचं गाणं...”

“आवतणात जिल्हा नसतो.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “एक देव बोलवायचा राहिला तर गोंधळ फिसकटतो. म्हणून शेवटी, ज्यायचं नाव घ्यायचं राहिलं त्यायला बी हाक मारतेत. ती हाक दिल्याबिगर गोंधळी पुढं सरकत न्हाई. तुझ्या गान्यात ती हाकच न्हाई.”

चाल मी उचलली होती, टाळ्या कुठं पडतात ते हेरलं होतं, पण तिचा शेवट मला कंटाळवाणा वाटला म्हणून मी तो गाळला होता.

बुवांनी तांबूल तोंडात टाकलं. “आज चौकात म्हन. माझ्या आवतणानंतर, कथा लागायच्या आदी. ज्या ज्या गावचे पावने आले, त्या समद्यायला बोलव. वाचून न्हाई, तोंडपाठ. मांडव तुझ्यासंगं गायला तर चाल तुझी. गप बसला तर हे गानं पुन्हा कुठं म्हनायचं न्हाई.”

मग मी मांडवभर फिरलो. पंगत बसायची होती आणि लोकांना वेळच वेळ होता. “पाव्हणं, गाव कुठलं? टँकर येतो का?” एवढं विचारलं की माणूस मोकळा होत होता. धर्माबादच्या एकानं सांगितलं, त्यांच्याकडं टँकर येतो पण ड्रायव्हरची सासुरवाडी अलीकडं असल्यामुळं निम्मा तिथंच रिकामा होतो. कंधारच्या बाई म्हणाल्या, टँकरचा हॉर्न ऐकून त्यांची म्हैससुद्धा दावं ओढते. मुखेडच्या एका पोरीचं लग्न टँकरच्या रांगेतच जमलं होतं. बिलोली, लोहा, हदगाव. मी ऐकत होतो आणि मनात ओळी बांधत होतो. इतकं मन लावून मी आयुष्यात पाठांतर केलं नव्हतं.

दिवेलागणीला चौक मांडला. पाटावर ज्वारीची रास, त्यावर कलश, वर एकत्र बांधलेली पाच धाटं (ज्वारीची ताटं). ती वधूपित्यानं गेल्या सालच्या कडब्यातून निवडून ठेवली होती. दिवटी पेटली. बुवांनी आवतण सुरू केलं आणि तो सुकलेला माणूस बघता बघता दुप्पट झाला. मग त्यांनी माझ्याकडं मान वळवली. मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि घसा खाकरला.

पहिलं नाव उमरीचं घेतलं. मांडवात खसखस पिकली. धर्माबादची सासुरवाडी आली तसे लोक मांड्या थोपटायला लागले. कंधारची म्हैस आली तेव्हा कंधारच्या बाईंनी तोंडात पदर कोंबला. बुवा संबळावर साथ करत होते, चेहरा तसाच. गाडी जोरात होती आणि तेवढ्यात हदगावनंतर माझी पाटी कोरी झाली. एक गाव राहिलं होतं. कुठलं, तेच आठवेना. पुढंच बसलेल्या एका आजीबाई माझ्याकडं डोळे वटारून बघत होत्या, म्हणजे गाव त्यांचंच असणार. बुवांचा संबळ थांबला नाही, फक्त हळू झाला, आणि मला शेवटची हाक आठवली.

“नाव ज्याचं राहिलं ओठी,
त्या गावाच्या टँकरा, चौकाला ये.”

“हिमायतनगर!” आजीबाई उठून उभ्या राहिल्या. “हिमायतनगरच्या टँकरा, ये रे मुडद्या!”

मग मांडव फुटलाच. जो तो आपल्या गावाचं नाव घ्यायला लागला. वाड्या आल्या, तांडे आले, नकाशात नसतील अशी गावं आली आणि प्रत्येक नावामागं सगळा मांडव एका सुरात “चौकाला ये” म्हणत होता. मी गायचा थांबलो होतो, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बुवा हसत होते, तांबुलानं लाल झालेले सगळे दात दाखवून. संबळ थांबल्यावर त्यांनी पुडीतलं उरलेलं तांबूल माझ्या तळहातावर ठेवलं. “घे. चाल दिली. शेवट गाळू नको.” तेही टेप झालं.

परतीच्या गाडीत मी पेटी खुशाल मांडीवर घेऊन बसलो. खड्ड्यांवर ती पुन्हा कण्हत होती, पण आता मला ते गाणंच वाटत होतं. मन्मथशेटनी टेप ऐकली आणि म्हणाले, स्टुडिओत पुन्हा गायची गरज नाही, हाच गोंगाट कॅसेटवर घालू. तसंच केलं. कॅसेट दिवाळीच्या आधी आली आणि गंजगोलाईत टेपवाल्या प्रत्येक दुकानातून उमरीचा मांडव ऐकू यायला लागला. त्यानंतर मी गावोगाव गात फिरलो आणि अजून फिरतो. कुठंही गेलो तरी शेवटची हाक दिली की मी गप्प बसतो. पुढचं गाणं लोकांचं असतं.

पण विजय म्हणायचा तर मी एकच मानतो. कॅसेट आली त्या दिवशी ती मी दुकानात लावली. अप्पा नव्या पाटीखाली गादीवर बसून कापड मोजत होते, ऐकत नसल्यासारखे. उमरी झाली, कंधार झालं, आजीबाई झाल्या. मांडवातले लोक एकेक नाव घेत होते आणि अप्पांचा गज हवेतच थांबला होता. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

“सोनवाडी,” अप्पा म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “सोनवाडीच्या टँकरा, चौकाला ये.”